चार मऊ टायर

आमच्या पडवीत चार जुने टायर एकावर एक रचून ठेवलेत. येणारा-जाणारा विचारतो, काका, हे कशाला ठेवलेत? मी सांगतो, विकायचे आहेत. विकायचे वगैरे काही नाहीत. फुकट न्यायलाही कुणी तयार नाही म्हणून पडलेत.

रेवदंड्याचा एक ओळखीचा बोटवाला न्यायला आला होता. बोट धक्क्याला घासू नये म्हणून हे लोक बोटीच्या दोन्ही अंगांना जुने टायर टांगतात, त्यामुळे जुना टायर म्हटलं की ते लगेच येतात. हा आला, पहिला टायर उभा केला, दोन्ही हातांनी दाबला, मग गुडघा लावून दाबला. टायर काही हलला नाही. "काका, ह्यो दबतच न्हाय. बोटीला लावला तर बोटीचीच फळी जायची," म्हणाला आणि चहा पिऊन रिकाम्या हातानं गेला. मला राग आला. टायरला नाव ठेवलं म्हणून राग येतो का कुणाला? मला आला. आठ वर्षं मी त्या टायरांचं कौतुक गावभर सांगत फिरलो होतो.

ते रनफ्लॅट टायर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या टायरची बाजू इतकी जाड आणि ताठ असते की आतली हवा पार गेली तरी टायर बसत नाही. स्टिअरिंगमागे एक पिवळा दिवा लागतो, तेवढंच. तो बघायचा आणि पुढं जात राहायचं. वेग जरा आवरला तर सत्तर-ऐंशी किलोमीटर सहज जाता येतं. म्हणून अशा गाडीत स्टेपनी नसते, जॅक नसतो, पाना नसतो. रस्त्यात उतरायचं नाही, कपडे मळवायचे नाहीत, कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. मला हे फार आवडलं होतं. कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हे तर विशेषच.

पस्तीस वर्षं मी कारखान्यात बॉयलरवर होतो. बॉयलर बंद पडला की वरपासून खालपर्यंत सगळ्यांची धावपळ, आणि माझ्या पाळीत तो फारसा कधी बंद पडला नाही. हा माझा मोठेपणा. निवृत्त झालो तेव्हा नागावात बंगला बांधलेल्या मुंबईच्या एका शेठनी त्यांची जर्मन गाडी विकायला काढली होती. मी ती घेतली. बायको म्हणाली, "अहो, दोघांना एवढी गाडी कशाला?" मी म्हणालो, "तुला त्यातलं कळत नाही." हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलंच होतं, दातासारखं.

मग काय, लग्न असो, बारसं असो, कुणी भेटलं की माझं सुरू. नागाव ते पनवेल एका दमात. नागाव ते पुणे, मध्ये कुठंही टेकलो नाही. पंक्चर झालं तरी गाडी थांबत नाही, बोला. लोक ऐकून घ्यायचे. आमच्याकडे माणसं भिडस्त आहेत, समोरच्याला गप्प बस म्हणत नाहीत. बायको बाजूला उभी असायची, पदर सारखा करत. तिनं कधी मान डोलावल्याचं मला आठवत नाही. नाही म्हणाल्याचंही आठवत नाही.

आता त्या टायरांची दुसरी बाजू सांगतो, जी मी लग्ना-बारशात सांगायचो नाही. ते दगड असतात, दगड. रस्त्यात बारीक खडी आली तरी बुडाला कळते. अलिबाग-रेवदंडा रस्ता पावसाळ्यानंतर कसा होतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको. चौलच्या वळणावर गाडी खड्ड्यात गेली की खालून असा दणका यायचा की दात वाजायचे. माझं काय, मी स्टिअरिंग धरून बसलेला, मला खड्डा आधी दिसायचा, मी अंग आवळून घ्यायचो. तिला दिसायचा नाही. ती खिडकीबाहेर बघत बसायची आणि दणका तिच्या पाठीत जायचा.

तिची पाठ आधीच दुखरी होती. पडवीत शिवणयंत्र होतं, त्यावर गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवून शिवून कंबर गेलेली. डॉक्टरनी मणका सरकलाय म्हणून सांगितलं, पट्टा दिला. तो पट्टा बांधून ती गाडीत बसायची, आणि हळूहळू बसेनाशी झाली. अलिबागला बाजाराला निघाली की म्हणायची, "तुम्ही कशाला येता, मी जाते रिक्षानं." नाक्यावर सहा सीटची रिक्षा मिळते, तिच्यात चेपून बसून जायची आणि तीन तासांनी हसत परत यायची. मला वाटायचं, हिला बायकांशी गप्पा मारायला आवडतं. आवडत असेलही.

मग तिच्या थोरल्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ही बहीण तळ्याला राहते, एकटी, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांना ताईच म्हणतो. ताईंना पंधरा दिवस कुणीतरी हवं होतं. मी हिला सोडायला गेलो. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव, मग चणेरा, रोहा आणि पुढं तळा. निघताना ती म्हणाली, शिवणयंत्र पण घेते. मी ते उचलून डिकीत ठेवलं. पंधरा दिवसांसाठी कुणी शिवणयंत्र नेतं का, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. यंत्र डिकीत नीट बसतंय याचाच मला आनंद. स्टेपनी नसल्याचा फायदा, असंही मी म्हणालो असेन.

तळ्याला पोचल्यावर ती उतरली आणि दाराला धरून तशीच उभी राहिली. चांगली दोन-तीन मिनिटं. ताई काठी टेकत ओट्यावर आल्या, ही आपली दाराला धरून. मी म्हणालो, "बघ, किती लवकर आलो." तिनं कमरेचा पट्टा सैल केला.

पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे चार झाले. भांडण नाही, तंटा नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. फोन रोज व्हायचा. जेवलात का, औषध घेतलं का, नारळ पाडले का. मी विचारायचो, कधी येतेस? ती म्हणायची, येईन की. एकदा मी जोर केला, उद्याच न्यायला येतो म्हणालो, तेव्हा ती म्हणाली, "त्या गाडीत आता नाही बसवत मला." तेवढंच. मी फोन ठेवला आणि स्वतःशी म्हणालो, नसेल बसवत तर राहा तिथंच. दोन दिवस मी फोन केला नाही. तिनंही केला नाही. तिसऱ्या दिवशी मीच केला.

एस.टी. होती, रिक्षा होती, दुसऱ्या कुणाची गाडी सांगता आली असती. हे मला तेव्हा सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण मी ते बाजूला सारलं. गाडीत बसवत नाही हे कारण मला बरं वाटत होतं, कारण त्यात दोष गाडीचा होता.

असे चौदा महिने गेले. एकटं राहणं मला जमत नाही. हे इतकं उघड मी कुणाला सांगितलेलं नाही, तिला तर नाहीच. शेजारच्या दोन्ही वाड्यांत आता होमस्टे झालेत. शनिवार-रविवार तिथं इतकी माणसं असतात की त्यांच्या हसण्यानं माझ्या घरातली भांडी वाजतील, आणि त्यातलं एकही माणूस माझं नाही. पोरं विचारतात, अंकल, बीच किधर है? मी हात करतो. सोमवारी सगळं रिकामं होतं. मी भात लावतो, तो दोन माणसांचा होतो. हाताला सवय. उरलेला सकाळी फोडणी घालून खातो. चहा मात्र एकाचा करायला शिकलो. पडवीत यंत्राच्या जागी फरशीवर चार पायांच्या खुणा राहिल्यात, तिथं केर काढताना हात आपोआप वळसा घालतो. कधी कधी संध्याकाळी मी उगाच गाडी काढायचो, रेवदंड्यापर्यंत जायचो, पुलावर न थांबता परत. बाजूची सीट रिकामी. त्या सीटचा पट्टा लावला नाही म्हणून गाडी टुणटुण करायची नाही, कारण बसलेलं कुणी नव्हतं. हे तिला कळायचं, गाडीला.

गेल्या पावसाळ्यानंतर चौलजवळच एका खड्ड्यात डावं पुढचं चाक आदळलं. घरी येऊन बघतो तर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलेला. मी अलिबागला टायरवाल्याकडे गेलो. हा माणूस पन्नाशीचा, कमी बोलणारा, बनियनवर काळे हात पुसत असतो. त्यानं फुगा बघितला, मग बाकीचे तीन टायर बघितले, बोटानं खाचा चाचपल्या.

"काका, चारही गेलेत. रबर सुकलंय. असलेच पाहिजेत तर मागवावे लागतील, आठ-दहा दिवस लागतील. साधे टाकायचे तर आत्ता आहेत."

"साधे नकोत. पंक्चर झालं तर मी रस्त्यात काय करू?"

"सगळे करतात तेच. स्टेपनी लावायची, नाहीतर कुणालातरी हाक मारायची." मग खाली बसून टायरवर थाप मारत तो म्हणाला, "ह्या रस्त्यांवर हे टायर म्हणजे अंगाला त्रास. तुमच्या घरच्यांची पाठ दुखत नाही का?"

कुणी कानशिलात मारावी तसं झालं. 'गाडीत बसवत नाही' हे वाक्य मी इतके महिने नुसतं ऐकून घेतलं होतं, त्याचा अर्थ एका टायरवाल्यानं दोन मिनिटांत सांगितला, असं मला वाटलं. वाटलं, एवढंच होतं होय. टायर. चार टायर बदलले की ती येईल. इतका आनंद मला गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता. मी म्हणालो, "टाका साधे. चारही. आणि एक स्टेपनी पण द्या, जॅक-पान्यासकट."

जुने टायर रिमवरून निघता निघेनात. मशीन कुरकुरत होतं, तो माणूस घामाघूम झाला, पण कड सुटायला तयार नाही. एक टायर तर त्यानं शिव्या देऊन काढला. नवे मात्र पटापट बसले. आमच्याकडची पद्धत म्हणून त्यानं चारही चाकांखाली चार लिंबं ठेवली. मी गाडी पुढं घेतली, लिंबं चिरडल्याचं मला जाणवलंसुद्धा नाही. वाटेतला पहिला गतिरोधक आला, मी सवयीनं अंग आवळलं, आणि गाडी नुसती वर होऊन खाली आली, पाण्यात होडी येते तशी. मी दुसऱ्यावरून मुद्दाम नेली. मग तिसऱ्यावरून. रिकाम्या सीटकडे बघून मी म्हणालो, "बघ." एकट्यानं बोलायची वेळ आली होती, दुसरं काय.

घरी आल्या आल्या फोन केला. "टायर बदलले. सगळे. गाडी मऊ झालीय, एकदम मऊ. रविवारी न्यायला येतो." पलीकडे यंत्र चालत होतं, ते थांबलं. मग ती म्हणाली, "बरं. या." तिच्या त्या दोन शब्दांवर मी तीन दिवस काढले. घर झाडलं, माळ्यावरची जाळी काढली, तिच्या आवडीची सुकट आणली, न्हाणीघरातला गळका नळ बदलला. चार वर्षं ती त्या नळाबद्दल सांगत होती.

रविवारी सकाळी निघताना डिकी उघडली. स्टेपनी मधोमध बसलेली. या गाडीत तिच्यासाठी खड्डाच नाही, मग ती डिकीच्या तळाशी आडवी टाकावी लागते आणि अर्धी जागा खाते. मला दिसलं शिवणयंत्र. तिच्या दोन मोठ्या बॅगा. ताई देतील तो तांदूळ, पापड, नाचणीचं पीठ. मी स्टेपनी उतरवून पडवीत ठेवली. जॅक, पाना तिच्यावर. आज एक दिवस काय होतंय, म्हटलं.

तळ्याला ताईंनी जेवायला घातलं. ही वाळली नव्हती, उलट तब्येत सुधारलेली, चालताना कमरेवर हात नव्हता. ताईंच्या ओटीवर खिडकीपाशी यंत्र मांडलेलं, बाजूला शिवायला आलेल्या कापडांची चळत. मी ते यंत्र उचलायला गेलो तर ती म्हणाली, "राहू द्या ते. अंगावर घेतलेली कामं अजून पुरी व्हायची आहेत." आणि आतून एकच पिशवी घेऊन आली. दोन साड्या मावतील एवढी. मी यंत्रावरून हात काढला आणि उघडी ठेवलेली डिकी जाऊन बंद केली. ताई मला म्हणाल्या, "भावोजी, सावकाश न्या." मी म्हणालो, "तुम्ही काळजीच करू नका, गादीवर बसवून नेतो."

ती बसली. पहिला खड्डा आला, मी तिच्याकडे बघत होतो, रस्त्याकडे नाही. तिनं डोळे मिटून घेतले होते, दणक्याची वाट बघत. दणका आलाच नाही. तिनं डोळे उघडले. "खरंच की," म्हणाली. "मऊ झालीय." रोहा येईपर्यंत आम्ही पुष्कळ बोललो. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, आमच्या वाडीतल्या सुपारीला यंदा काय झालं, ताईंचा गुडघा. रोह्याच्या पुढं तिची मान कलली आणि तिला झोप लागली. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, माझ्या गाडीत ती कधी झोपली नव्हती. मी गाणं बंद केलं. हळू चालवायला लागलो. एखाद्या माणसाला आनंदानं छातीत दुखतं का ते मला ठाऊक नाही, मला दुखत होतं.

चणेऱ्याच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू आहे. अर्धा रस्ता खणलेला, कडेला सळया, तारांचे तुकडे. ते पार करून थोडं पुढं आलो आणि पिवळा दिवा लागला. मी बघितला. आणि आठ वर्षं जे केलं तेच केलं, पुढं जात राहिलो. वेग थोडा कमी केला. डोक्यात इतकंच, इथून घर काही ऐंशी किलोमीटर नाही, आरामात पोचू.

तिला जाग आली. "अहो, काहीतरी फडफडतंय."

"काही नाही, हवा कमी झाली असेल."

"जरा थांबवता का? बघू या."

"थांबायची गरज नाही. जाते ही गाडी."

गाडी डाव्या अंगाला ओढायला लागली. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. ती पुन्हा म्हणाली, "थांबा ना हो." मी म्हणालो, "अगं, तुला त्यातलं कळत नाही, या टायरवर..." आणि तिथं माझं वाक्य तुटलं. कारण या टायरवर काहीच जाता येत नव्हतं. ते टायर पडवीत होते, आणि स्टेपनीही पडवीतच होती. खालून रबर फाटल्याचा आवाज आला, मग लोखंड रस्त्याला घासल्याचा.

मी उतरलो. डाव्या बाजूच्या मागच्या टायरच्या फाटून चिंध्या झालेल्या, रिमची कड वाकलेली. तारेचा एवढासा तुकडा रुतला असेल. लागलीच थांबलो असतो तर चणेऱ्याहून कुणी येऊन दहा मिनिटांत पंक्चर काढून दिलं असतं. भर दुपार, मोबाईलला रेंज नाही, दोन्ही बाजूला कापलेली शेतं. एक मोटारसायकलवाला आला, त्याला मी हात केला. आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यात कुणाला हात केला. चणेऱ्यात पंक्चरवाला असेल तर पाठव बाबा, म्हणालो. तो बरं म्हणून गेला.

ती खाली उतरून, पिशवी पायाशी ठेवून रस्त्याकडेच्या सावलीत उभी होती. दोन्ही हात मागं धरून पाठ ताणत होती. मी जवळ गेलो. "माझं चुकलं," म्हणालो. "पण टायर तुझ्यासाठीच बदलले होते."

"ठाऊक आहे मला."

"तूच म्हणत होतीस ना, त्या गाडीत बसवत नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर मला कळलं असतं काय करायचं ते.

"टायर बदला असं मी कधी म्हणाले होते?" ती म्हणाली. "मला टायरातलं काय कळतं. मी म्हणायचे, जरा थांबा. पाच मिनिटं थांबवा, उतरते, पाठ सरळ करते, मग जाऊ. कार्लेखिंडीत म्हणाले, वडखळला म्हणाले, पुण्याला जाताना दोनदा म्हणाले. ताईकडे मला सोडलंत त्या दिवशी याच रस्त्यावर म्हणाले. तुम्ही म्हणायचात, आता पोचतोच आहोत."

मी आठवायला लागलो. आठवावं लागलं नाही, सगळं होतंच. तिचा आवाजसुद्धा. थांबता का जरा, असा, काहीतरी उसनं मागितल्यासारखा. मी ते दरवेळी ऐकलं होतं आणि दरवेळी पनवेलला किती वाजता पोचणार याचा विचार केला होता.

"आणि आजही," ती म्हणाली आणि तिनं फाटलेल्या टायरकडे बघितलं.

आम्ही तिथं शेजारी शेजारी उभे राहिलो. ती मऊ आवाजात बोलली, "गाडी छान झालीय. मला झोप लागली, खरंच. तुम्ही बदललेत ते चांगलंच केलंत." मग थोड्या वेळानं, "मी घरी येईन, नाही असं नाही. पण माझी मी येईन. तुमच्या बाजूला बसून नाही."

"कधी?"

"ते आता नका विचारू."

समोरून धूळ उडाली. मुरुडहून रोह्याला जाणारी लाल एस.टी. येत होती, म्हणजे आम्ही आलो त्या बाजूला जाणारी. तिनं पदर खोचला, रस्त्याच्या कडेला दोन पावलं पुढं झाली. मी म्हणणार होतो की घर जवळ आलंय, पंक्चरवाला येईलच, नळ बदललाय, सुकट आणलीय. "जेवून घ्या वेळेवर," ती म्हणाली. "आणि आता सावकाश जा."

तिनं हात दाखवला. एस.टी. लगेच थांबली. दार उघडलं, कंडक्टर म्हणाला, या मावशी, सावकाश चढा, घाई नाही. ती कठड्याला धरून एक एक पायरी चढली. मी खालून तिची पिशवी वर दिली.